टोळाला ओरडू द्या

माझ्या बहिणीच्या घरात इतकी शांतता असायची, की पालीला चुकचुकायचं असलं तर ती आधी बाहेरच्या भिंतीवर जायची. खोटं वाटत असेल तर पालीलाच विचारा. ती अजून आहे त्या घरी.

या शांततेचं कारण म्हणजे माझे दाजी. दाजी बेकरीत रात्रपाळीला. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी घरी यायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणजे झोपायची खटपट करायचे. जरा डोळा लागला की दचकून उठायचे आणि आतल्या खोलीतून ओरडायचे, "कोण आहे? काय झालं?" झालेलं काहीच नसायचं. पण ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सगळ्यांकडे डोळे वटारून बघायची आणि घरातला आणखी एक आवाज बंद व्हायचा. आधी रेडिओ गेला. मग घड्याळाची टिकटिक गेली. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं, की वारा नसतानाही दारं लाजून आपोआप मिटायची. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे आले. शिंक आली की ताई नाक धरून जिना उतरायची, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जाऊन शिंकायची आणि परत यायची. एकदा तिथे पोचेपर्यंत शिंकच गेली. बाई पक्की शिस्तीची. शिंक परत येईपर्यंत तिथेच उभी राहिली. संध्याकाळी मीच तिला घरी आणलं.

आणि गंमत बघा, घर जसजसं गप्प होत गेलं तसतशी दाजींची झोप उडत गेली. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की लांबून वाटावं माणसाने दोन चष्मे लावलेत. "बेकरीत मात्र पीठ मळायच्या मशीनला टेकून उभ्या उभ्या घोरतो हा बाबा," असं त्यांचे सोबती सांगायचे. आम्ही म्हणायचो, दमतात बिचारे. दुसरं काय असणार?

या घरात माझी भाची वाढली. तिला सगळे कुजबुज म्हणतात. खरं नाव आहे तिला, पण ते कुणी मोठ्याने घेतलेलंच नाही, त्यामुळे ते ऐकलेला माणूस मिळायचा नाही. बोलायची ती इतक्या हळू, की मांजराने सुद्धा कान टवकारून पुढे सरकावं. कामाला चष्म्याच्या दुकानात. तिथे चष्मा घ्यायला आलेली गिऱ्हाइकं जाताना हळूच विचारायची, "तुमच्याकडे कानात घालायचं यंत्र पण मिळतं का हो?"

आता माझी गाडी. छोटी, लाल, शर्यतीच्या घाटाची मोटरसायकल. हँडल खाली, पाय मागे दुमडलेले, आणि इंजिन एवढंसं, की ते धुवायचं तर मी चहाच्या बशीत ठेवून धुवायचो. नाव टोळ. तरुणपणी मी त्यावर असा काही उडायचो, की माझी सावली मागे राहायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धापा टाकत घरी यायची. पण एके दिवशी गुडघे म्हणाले, "मालक, आता पुरे." गुडघ्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? मी टोळ कुजबुजीला दिला. मला मूलबाळ नाही, आणि लहानपणापासून टोळ पुसताना माझ्या शेजारी फडकं घेऊन बसणारी तीच एक.

पण दिला म्हणजे चालवता आला असं नाही.

पोरीचा तोल झकास होता. रस्त्यावर तिची नजर चांगली होती. घोडं अडलं होतं ते गिअरपाशी. इंजिनाने जरा घसा खाकरला, की ती घाईघाईने वरचा गिअर टाकायची. लगेच त्याच्या वरचा. गल्लीचं तोंड यायच्या आत बाई पाचव्या गिअरमध्ये, आणि टोळ खाली मान घालून धक्के खात, गचके देत, शेवटी गप्प. ती परत सुरू करायची. परत गप्प. आणि टोळ गप्प झाला रे झाला, की वर दाजींची खिडकी उघडलीच!

"उठवलंत ना मला? उठवलंत?"

एका दुपारी तर दाजी बनियनवर, खांद्यावर पांघरूण टाकून थेट खाली आले. "मेव्हणे," मला म्हणाले, "या घरात आता एक तर ही गाडी राहील, नाहीतर मी."

ताईच्या जिन्याखालीच न्हाव्याचं दुकान. न्हाव्याला सगळे वस्ताद म्हणतात. त्याच्याकडे स्वतःची एक भली थोरली मोटरसायकल आहे, तिला आम्ही म्हैस म्हणतो. तरी त्याचा जीव कधीचा टोळात अडकलेला. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना मानेवरचे केस झटकायचा ब्रश घेऊन यायचा आणि टोळाच्या टाकीवरून हळूच फिरवायचा. दाजींचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, तसा तो एका हातात वस्तरा आणि दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची हनुवटी धरून दारात आला. गिऱ्हाईकही आलं, नाइलाजाने.

"दादा, गाडी जड झाली असेल तर मी नेतो की! म्हशीला सोबत होईल."

"ने," दाजी म्हणाले. "आत्ता ने."

"मला पाहिजे," कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. अर्ध्या गालाला फेस असलेल्या गिऱ्हाइकानेही पाहिलं. कुजबुज टोळाचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"मला पाहिजे ती, बाबा," ती परत म्हणाली. आवाज तसाच, फुंकर घातल्यासारखा. पण या पोरीने जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. लहानपणी बाहुली मागितली नाही, मोठेपणी नवी चप्पल मागितली नाही. ताईने जिन्यातूनच कपाळाला हात लावला.

"अगं, तुला चालवता तरी येते का ती?" दाजी म्हणाले. "खोकत खोकत जाते आणि मरते. शर्यतीची गाडी आहे म्हणे!"

"अहो, असं करा," ताई म्हणाली. भांडण मिटवायचं असलं की ती दोन्ही हातांचे तळवे असे खाली दाबते, जणू उतू जाणारं दूध शांत करतेय. "येत्या रविवारी टाकीच्या टेकडीवर शर्यत आहे ना? वस्ताद जातोच दरवर्षी. ही पण जाऊ दे. वस्तादच्या आधी वर पोचली, तर गाडी हिची आणि तुम्ही पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. नाही पोचली, तर वस्ताद घेऊन जाईल."

दाजी हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून मला बरं वाटलं. पण ते हसले कशाला, ते कळल्यावर वाईटही वाटलं. "कबूल," म्हणाले. "मी स्वतः वर उभा राहून बघेन."

वस्तादने वस्तरा छातीला लावून मान झुकवली. "ताई, हरलो तर टोळाकडे बघणार पण नाही. शब्द आहे माझा."

"अहो, माझी दाढी," गिऱ्हाईक म्हणालं.

दुसऱ्या दिवशी कुजबुज दुकानातून सुटल्यावर मी तिला गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत घेऊन गेलो. तिथे ओरडलं तरी फक्त दगड ऐकतात.

"हे बघ भाचे," मी म्हणालो, "म्हैस कुठूनही ओढते. तिला झोपेतून उठवून गाड्याला जुंपलं तरी ओढेल. टोळाचं तसं नाही. टोळाला उडी मारायची तर आधी पाय पुरते मुडपावे लागतात. छोटं इंजिन खालच्या आवाजात झोपलेलं असतं. ताकद सगळी वर, जिथे ते केकाटायला लागतं तिथे. आणि दुसरी गोष्ट. वरचा गिअर टाकला, की आवाज एक पायरी खाली पडतो. पडतो ना?"

"पडतो."

"मग तू खालच्याच पायरीवर असताना गिअर टाकलास, तर पडून कुठे जाणार? तळघरात. थेट झोपेत. वर चढून टाकलास, तर पडेल तो जाग्या पायरीवर. कळलं?"

"कळलं, मामा."

तिला कळलं होतं. सगळं कळायचं तिला. हेल्मेट घातलं, पहिला टाकला, निघाली. इंजिनाने आवाज चढवला न चढवला, तोच तिच्या खांद्यांनी अंग चोरलं, पाय आपोआप उचलला गेला, आणि टोळ तळघरात. परत तेच. दहा वेळा तेच.

"काय होतं गं तुला?"

"तो ओरडायला लागला की मला वाटतं, कुणीतरी उठेल."

"इथे कोण उठणार? दगड?"

"मला माहितेय, मामा. पायाला माहीत नाही ना."

माझ्या गुडघ्यांनाही कितीतरी गोष्टी माझ्याआधी कळतात.

मग मी म्हटलं, आधी तूच ओरड. मोठ्याने. ती दगडांसमोर उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, तोंड उघडलं. आतून जो आवाज आला, तो ऐकून शेजारच्या झुडपातला एक उंदीर भावाने हाक मारली समजून बाहेर आला. आम्ही दोघं इतके हसलो, की काय सांगू! हसली तीही बिनआवाजी, नुसते खांदे हलवून.

त्या संध्याकाळी ताईकडे जेवायला थांबलो. त्या घरातल्या जेवणाविषयी मी आजवर गप्प होतो, कारण बहिणीचं घर आहे. पण खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत तिथे कुणी शिजलेला बटाटा खाल्ला नव्हता. कुकरची शिट्टी व्हायची नाही, असा नियमच होता. बटाटे असे कडक, की एक ताटातून निसटला तर शेजाऱ्यांच्या कौलावर जाऊन पडावा. पण मी तोवर ते बनतात कसे, हे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर कुजबुज गॅसपाशी उभी. बटणावर दोन बोटं. डोळे मिटलेले. कुकरवरचं वजन थरथरायला लागलं, फुसफुसलं, आणि तिने बटण फिरवलं. कुकरचा जीव ओठांवर आला असेल तेवढ्यातच. ना शिट्टी, ना सुस्कारा.

मी तिथेच पेला खाली ठेवला. मोज्यावर ठेवला, आवाज नको म्हणून.

"कधी चुकतेस?" मी विचारलं.

"कशात?"

"यात. कधी शिट्टी होते?"

"कधीच नाही."

"काटा बघून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काटा कुठाय कुकरला, मामा? ऐकू येतं ना. आता होणार, हे आधी ऐकू येतं."

अरे देवा! म्हणजे जो कान मिळवायला मी तरुणपणी तीन सायलेन्सर आणि एक दात घालवला, तो या पोरीला घरच्या घरी, बटाट्यांवर मिळाला होता. फक्त ती त्या क्षणाच्या फार आधी दार लावून घेत होती.

दुसऱ्या दिवशी खाणीत मी टोळाबरोबर एक छोटा स्टोव्ह, ताईचा कुकर आणि बटाटेही नेले. ताईला सांगितलं, दुरुस्तीला नेतोय. दगडावर स्टोव्ह मांडला.

"आज बटणाला हात लावायचा नाही. फक्त ऐकायचं."

वजन थरथरलं. तिची बोटं वळवळली. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. फुसफुस वाढली. तिने मान खांद्यांत घातली. आणि मग झाली शिट्टी! खाणीच्या चारही भिंतींनी ती एकमेकींना ऐकवली. कुजबुज घट्ट डोळे मिटून उभी. पण दुसऱ्या शिट्टीला तिने एक डोळा उघडला. तिसरीला दोन्ही. चौथीच्या आधी ती पुढे वाकली आणि बोट वर करून म्हणाली, "आत्ता." आणि ती म्हणाली तेव्हाच झाली.

"कसं कळलं?"

"आधी थरथरतं. मग थरथर थांबते, आवाज सरळ होतो. ताणलेल्या दोरीसारखा. मग होते." ती एकदम टोळाकडे वळली. "मामा, याचं पण असंच असतं का?"

"मला विचारू नकोस. त्याला विचार."

मी चिकटपट्टी काढून इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा झाकून टाकला, म्हणजे डोळ्यांनी मधे नाक खुपसायला नको. ती निघाली. पहिला गिअर. इंजिन घुरघुरलं, चढलं, थरथरलं, तिचे खांदे वर आले, पण पाय थांबला. थांबला! आवाज सरळ झाला, आणि इंजिनाला वरच्या टोकाला उचकी लागणार तोच टक्! दुसरा. आवाज पडला तो जाग्या पायरीवर, आणि टोळाने अशी उडी घेतली, की मागचं चाक पुढच्याला विचारत होतं, "अरे, थांब, मला कुठे सोडून चाललास?" टक्! तिसरा. खाणीतले दगड अंग चोरून बाजूला झाले. काही अजून तिथेच चिकटून आहेत, जाऊन बघा.

परत आली, हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही तेज, की मी जरा सावलीत सरकलो.

"मामा," ती म्हणाली, "त्याला त्रास होत नव्हता. त्याला जायचं होतं."

त्या दिवशी बटाटे शिजले होते. आम्ही दोघांनी खाणीत बसून नुसते मीठ लावून खाल्ले. मऊ बटाटा म्हणजे काय असतो, हे त्या पोरीला तेव्हा कळलं.

रविवार उजाडला. टाकीची टेकडी म्हणजे गावाला पाणी देणारी टाकी जिच्या माथ्यावर आहे ती. रस्ता नागमोडी, वर जाताना शेवटी एक असं वळण, की त्याला वस्तादनेच कात्री नाव ठेवलंय. रस्ता मिटलेल्या कात्रीसारखा स्वतःवरच परत येतो. कात्रीनंतर सरळ, उभा चढ, आणि मग टाकी. दोन-दोन जण एका वेळी सोडतात. ताई वर, खडूच्या रेघेपाशी, हातात रुमाल घेऊन. मी कात्रीपाशी, खिशात बिस्किटांचा पुडा घेऊन.

दाजी रात्रपाळी उरकून, वर ठरलेले पाव पोचवायला बेकरीची व्हॅन घेऊन थेट टाकीपाशी गेले होते. शब्दाप्रमाणे बघायला थांबलेही. पण माणूसच तो. सीटवर टेकले आणि डोळा लागला. व्हॅन चढावाच्या टोकाला, रस्त्यालगत उभी. आणि पुढच्या काचेला आतून वर्तमानपत्र लावलेलं.

आता ही खूण बाहेरच्याला कळायची नाही. काचेला वर्तमानपत्र म्हणजे दाजी झोपलेत. व्हॅनला असो की खिडकीला, ते दिसलं की कुजबुज लहानपणापासून चपला हातात घ्यायची.

खाली निघायच्या रेघेवर कुणीतरी रुमाल पाडला. दोन आवाज निघाले. म्हशीचा घुमणारा, पोटातून आलेला, आणि टोळाचा चढत जाणारा. मी कात्रीवर डोळे मिटून ऐकत होतो. पहिला. थांब, थांब, टक्! दुसरा. थांब, टक्! एकेक गिअर अगदी शिट्टीच्या तोंडावर. प्रत्येक वळणाआधी वेळेवर खालचा गिअर, वळणात आवाज जागा, बाहेर पडताना उडी. पहिल्या वळणांतच ती वस्तादच्या पुढे. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

आणि मग रस्ता उघड्यावर आला. तिथून टाकी दिसते. टाकीजवळची व्हॅन दिसते. व्हॅनच्या काचेवरचं वर्तमानपत्र दिसतं.

मला कळलं ते कानाने. टोळ चढत होता, थरथरत होता, आणि मधेच टक्! फार लवकर. आवाज कोसळला तो तळघरात. परत टक्! पाचवा. खोकला. धक्का. पायाने तिचं ऐकलं नव्हतं; पायाने घराचं ऐकलं होतं. म्हैस घुमत घुमत शेजारून पुढे निघून गेली.

मी ओरडणार होतो. मोठा श्वास घेतला, आणि श्वासाबरोबर बिस्किट घशात गेलं. त्या दिवशी टेकडीवर ओरडण्यासारखा एकच माणूस होता, आणि तो निळा पडून कठड्याला धरून खोकत होता. म्हणून म्हणतो, पुढचं जे झालं ते सगळं तिचं.

वस्ताद कात्रीत शिरला. म्हैस कुठूनही ओढते, पण वळताना तिला अख्खा रस्ता लागतो. ती पसरत पसरत बाहेरच्या कडेला गेली. मागून कुजबुज आली. माझ्या समोरून, हाताच्या अंतरावरून. तिने पटापट खालचे गिअर पाडले, दुसऱ्यापर्यंत. आतल्या कडेने, गुडघा जवळजवळ रस्त्याला टेकवत, टोळ वळला. समोर उभा चढ. चढाच्या टोकाला व्हॅन.

रेस दिली. आवाज चढला. मला तिचे खांदे दिसत होते. ते वर आले, कानांपर्यंत आले. टोळ थरथरायला लागला. पाय गिअरखाली गेला. मी खोकता खोकता कठडा घट्ट धरला. पाय तिथेच थांबला.

नंतर मी तिला विचारलं, तेव्हा काय वाटलं? म्हणाली, "वाटलं, उठले तर उठले."

खांदे खाली आले. थरथर थांबली. आवाज सरळ झाला. टक्! तिसरा. टोळ केकाटला. काय केकाटला म्हणून सांगू! टाकीतल्या पाण्यावर लाटा उठल्या, खाली गावात लोकांच्या नळांना फेस आला. त्या केकाटण्यात दुसरा एक आवाज होता, हेल्मेटच्या आतून येणारा, मोकळा, लांबलचक. मी तिला जन्मल्यापासून ओळखतो, पण तो आवाज मला ओळखू आला नाही. टक्! चौथा. म्हशीचं मागचं चाक आलं. म्हशीचं पोट आलं. वस्तादचा कान आला, आणि वस्तादने वळून पाहिलं, तिथेच तो फसला, कारण टोळ तोपर्यंत त्याच्या दुसऱ्या कानापाशी होता. व्हॅनला घासून, वर्तमानपत्राच्या अगदी समोरून, आकाश फाडत ती गेली. ताईचा रुमाल पडला. रेघेवर टोळ पुढे, कंगव्याच्या रुंदीएवढा.

मी चढ चढून वर पोचलो, तेव्हा म्हशीचं इंजिन बंद झालेलं, वस्ताद हेल्मेट काढून उभा. टोळ अजून धडधडत होता. ताई पळत आलेली, एक बोट ओठांवर, दुसरा हात व्हॅनकडे. "शूः! शूः! अगं, झोपलेत! उठले तर म्हणतील..."

आम्ही सगळ्यांनी व्हॅनकडे पाहिलं. कागद हलला नाही. आतून घोरण्याचा आवाज येत होता. गाढ, संथ, सुखी. इतकं सगळं जग केकाटून गेलं, आणि दाजी ढिम्म!

कुजबुजीने किल्ली फिरवली. टोळ गप्प झाला. टेकडीवर शांतता पसरली.

वर्तमानपत्र टरकन फाटलं आणि त्यातून दाजींचं डोकं बाहेर आलं. "कोण आहे? काय झालं? मशीन का बंद पडलं?"

पालही चुकचुकली नसती.

"बाबा," कुजबुज म्हणाली, "मी आत्ता तुमच्या कानाशेजारून गेले."

"कधी?"

"आत्ता."

"काहीतरीच. मी तर छान झोपलो होतो. किती दिवसांनी अशी झोप लागली, आणि मधेच कुणीतरी..." दाजी थांबले. त्यांनी टोळाकडे पाहिलं. कुजबुजीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने हळूच परत किल्ली फिरवून टोळ सुरू केला. घर्रर्र. दाजींच्या पापण्या जड झाल्या. तोंड अर्धवट उघडलं. तिने टोळ बंद केला. दाजी ताडकन ताठ!

"अहो," ताई खाली बसत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं..."

इतकी वर्षं! रात्रभर ज्या माणसाच्या शेजारी पीठ मळायचं मशीन धडधडतं, त्याला आवाज म्हणजे सगळं ठीक चाललंय. आवाज थांबला की मशीन अडकलं, पीठ गेलं, पळा! आणि आम्ही शहाण्यांनी त्याच्यासाठी घरातला एकेक आवाज वेचून वेचून मारला होता. ताईला ते पुरतं उमगलं, तसं तिचं नाक हुळहुळलं. सवयीने तिने टपालपेटी शोधली. पेटी लांब, गावात. मग तिने तिथेच, भर टेकडीवर, अशी शिंक दिली, की वस्तादच्या गिऱ्हाइकांचे दोन दिवसांचे भांग विस्कटले.

"शर्यतीचं काय झालं?" दाजींनी विचारलं. "मी बघितलंच नाही. कोण जिंकलं?"

वस्ताद पुढे आला. कंगव्याएवढ्या फरकावर वाद घालायला त्याला मोकळं रान होतं, पण माणूस शब्दाचा. त्याने आ वासून दाजींपुढे तोंड नेलं. "बघा दादा. दातांवर काय दिसतंय? तुमच्या लेकीच्या चाकाची धूळ आहे. आठवडाभर चूळ भरणार नाही."

दाजींनी खरंच वाकून बघितलं. मग व्हॅनमधून उतरले, टोळाभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवला. "गाडी तुझी," म्हणाले. "पण एक अट आहे. रोज सकाळी मी आडवा झालो, की खिडकीखाली सुरू करायची. आणि मला झोप लागेपर्यंत बंद करायची नाही."

"हो, बाबा!" कुजबुज म्हणाली, आणि ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की खाली कात्रीवर ते दोनदा ऐकू आलं.

आता ताईच्या घरी या कधीतरी. लांबूनच कळेल कुठलं ते. रेडिओ चालू, घड्याळाला टिकटिक परत बसवलेली, खुर्च्यांनी मोजे काढून टाकलेत, आणि कुकरला मनसोक्त शिट्ट्या. बटाटे असे मऊ, की नुसतं बघितलं तरी फुटतात. पाल घरात राहायला आलीय. शेजारी तेवढे तक्रार करतात, पण त्यांना वस्ताद दाढी करताना गप्प करतो. गळ्यावर वस्तरा असला की माणूस समजूतदार होतो. दाजींची काळी वर्तुळं गेली. आता उजेडात त्यांचे डोळे तपकिरी आहेत, हे ताईला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसलं.

परवा सकाळी मी त्यांच्या उशाशी पेपर वाचत बसलो होतो. खाली टोळ सुरू झाला. कुजबुज दुकानाला निघाली. दाजी गाढ झोपेत. गल्लीतून पहिल्या गिअरचा आवाज चढत गेला, चढत गेला, थरथरला. दाजींनी कूस बदलली आणि झोपेतच डावा पाय पांघरुणाबाहेर काढला.

"थांब," ते पुटपुटले. "अजून थांब... हं. टाक आता."

टक्!